हत्तीखान्यातलं पाणी

४ सप्टेंबर

बदलीचा हुकूम हातात पडला. मला वाटलं होतं फार तर मलनिस्सारणात टाकतील. तिथे मी हसत गेले असते, निदान पाइप तरी ओळखीचे. हुकमावर लिहिलंय: अधीक्षक, प्राणिसंग्रहालय. आधीचे अधीक्षक निवृत्त झाले आणि मोठ्या साहेबांना दुसरं कोणी सापडलं नाही. एवढी वर्षं माणसं सांभाळलीत, मग प्राणी काय जड आहेत, असं ते म्हणाले. मी आजवर माणसं सांभाळलेली नाहीत. मी पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह सांभाळले.

घरी सांगितलं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे कोणतीही बातमी तो आधी काचा पुसून मग ऐकतो. काचा पुसल्या आणि म्हणाला, छान की. सासूबाईंना मात्र ही शिक्षाच वाटतेय. दार लोटून घेऊन त्यांनी हळूच विचारलं, काही खाल्लंबिल्लं नाहीस ना कुणाचं? नाही हे पटवता पटवता भाजी करपली.

म्हणून ही वही. नवं खातं आहे, सगळं डोक्यात राहायचं नाही.

६ सप्टेंबर

माझा नवा संसार बघून आले. एक म्हातारं अस्वल, जे कचेरीपर्यंत ऐकू येईल असं घोरतं. एक मगर, जी इतकी हलत नाही की लोक ती सिमेंटची आहे यावर पैजा लावतात. एक एमू, निळे कपडे घातलेल्या माणसाच्या मागे मागे फिरणारा. मी नेमकं निळं घातलं होतं. पोपट, माकडं, कासवं. आणि हरणं. जिकडे बघावं तिकडे हरणं, घरात कप उरावेत तशी उरलेली. सिंह मागच्या वर्षी म्हातारपणाने गेला, पाटी अजून आहे. लोक पाटी वाचतात आणि रिकाम्या पिंजऱ्यात वाकून वाकून बघतात.

दाखवायला दोघं बरोबर होती. एक मुकादम, ज्यांना लहानथोर सगळे मामा म्हणतात. मामांच्या मते प्रत्येक प्राण्याची तब्येत 'एकदम झकास' असते. सिंहाचीही शेवटपर्यंत झकासच होती म्हणे. दुसरी डॉक्टर, तरुण आहे, तोंडावर बोलते. मामांनी झकास म्हटलं की ती मागून खरं काय ते सांगते. अस्वलाला सांधेदुखी आहे. माकडं कंटाळलीत. हरणांना जागा पुरत नाही.

सगळ्यात मोठी इमारत हत्तीखाना. दार एवढं उंच की आमचं घर छपरासकट आत जाईल. आत एक मोठा हौद. हत्तीण कित्येक वर्षांपूर्वी दूरच्या रानातल्या हत्तींच्या आसऱ्याला पाठवली, तेव्हापासून सगळं रिकामं. तरी येणारा प्रत्येक जण आधी हत्तीच विचारतो. वैतागून तिकीट खिडकीवर पाटी लावलीय, 'हत्ती नाही.' तिच्याखाली कुणीतरी पेनाने लिहिलंय, 'मग काय आहे?'

प्रश्न रास्त आहे.

९ सप्टेंबर

वित्त अधिकाऱ्यांनी बोलावलं. सगळ्या पालिकेत त्यांना 'कात्री' म्हणतात, कारण त्यांच्या टेबलावर गेलेला कागद गेला तसा कधी परत येत नाही. माझ्या उंच टाकीचा प्रस्ताव त्यांनी तीनदा परत धाडला होता. शेवटी मीच नाद सोडला. माणूस कधी हसत नाही. ओठ असे मिटलेले की पाकीट चिकटवलंय.

त्यांनी शांतपणे सांगितलं की मार्चच्या सभेत निर्णय आहे. एक तर प्राणिसंग्रहालयाचं अनुदान पुढे चालू ठेवायचं, नाही तर प्राणी इतर ठिकाणी वाटून टाकून ती जागा गाड्या लावायला द्यायची. येणाऱ्यांची संख्या दर वर्षी घसरतेय, आणि समितीत गाड्यांच्या बाजूचे लोक जास्त आहेत.

मी उठले तेव्हा त्यांनी एकच विचारलं. अस्वल अजून घोरतं का?

मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली. म्हणजे ते सुद्धा आमच्या विरोधात वापरणार.

२० सप्टेंबर

देव नुसता छप्पर फाडत नाही, कधी कधी ट्रक घेऊन येतो. गावातले मोठे ट्रकमालक आज स्वतः कचेरीत आले. सहा फूट उंची, गडगडाटी आवाज, एमूसुद्धा बाजूला झाला. त्यांचं म्हणणं सरळ आहे. लहानपणी त्यांनी इथल्या हत्तिणीवर बसून फेरी मारली होती. हत्ती परत आणा, सगळा खर्च ते करतील, दारावर फक्त त्यांच्या वडिलांचं नाव लागलं पाहिजे.

मी चहा पाजला, त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेले आणि परत येताना चक्क गुणगुणत होते. सभेला जायच्या आधीच प्रश्न मिटला. हत्ती आला की गर्दी, गर्दी आली की अनुदान.

डॉक्टरला सांगितलं. ती म्हणाली, 'मॅडम, हत्ती आला त्या दिवशी मी जाईन.' पुढे बरंच बोलली. एकटा हत्ती म्हणजे काय, सिमेंटवर उभं राहून त्याच्या पायांचं काय होतं. मला तिचा थोडा रागच आला. नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोरीने अधीक्षकांना अटी घालायच्या?

आता मामांना विचारते. हत्तीण त्यांनीच सांभाळली होती. ते तर नाचतील.

२१ सप्टेंबर

मामा नाचले नाहीत.

हत्तीखान्याच्या उंबऱ्यावर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नंतर सांगितलं की हत्तीण गेल्यावर दुसऱ्या वर्षी ते रजा काढून, बस बदलत बदलत तिला भेटायला गेले होते. घरीसुद्धा खरं सांगितलं नव्हतं, मेव्हण्याकडे जातो म्हणाले होते.

'ओळखलं का तिनं?' मी विचारलं.

'ओळखलं की. सोंड फिरवली अंगावरून, खिसे तपासले.'

'मग?'

'मग पलीकडून दुसऱ्या दोघींनी हाक मारली, तशी गेली. वळून नाही बघितलं. लेक सासरी रुळली की कसं रडूही येतं आणि रात्री झोपही लागते, तसं झालं मॅडम. आता इथं दुसऱ्या कुणाची लेक आणून एकटी बांधायची म्हणता?'

मी काही म्हणत नव्हते. मी फक्त हिशेब करत होते. तो तिथेच थांबवला.

२८ सप्टेंबर

ट्रकमालकांना नाही सांगून आले. आधी त्यांना वाटलं मला खर्च कमी वाटतोय. नंतर रागावले. मग मी, बोलायची वेळ नसताना, माझी नवी कल्पना सांगून बसले.

कल्पना अशी. परवा हौद गळतो का हे बघायला मी तो भरून ठेवला होता. सवयच ती, रिकामा हौद मला बघवत नाही. थेंब गळला नाही. जुन्या लोकांनी बांधलेलं काम. मी काठावर उभी असताना डॉक्टर म्हणाली, इथे पाणमांजरं किती छान राहतील. पूर्वी आपल्याच नदीत होती. शेजारच्या मोठ्या प्राणिसंग्रहालयात एक जोडी जास्तीची आहे, आणि त्यांना हरणं हवीत.

मला रात्रभर वाहतं पाणी दिसत राहिलं. एका टोकाला धबधबा, मध्ये वळणं, खडक, खालून काच, म्हणजे पोहताना दिसतील. प्राणी मला कळत नाहीत, पण पाणी कळतं.

ट्रकमालकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'मी हत्ती देत होतो बाई, तुम्ही मांजरावर आलात.'

पाणमांजर म्हणजे मांजर नव्हे हे मी समजावेपर्यंत ते उठले होते.

१५ ऑक्टोबर

दुरुस्तीच्या ठरावीक रकमेतच सगळं बसवायचं आहे. नकाशा स्वतः काढला. घरच्या जेवणाच्या टेबलावर काढला, त्यामुळे चार दिवस सगळे ताटं मांडीवर घेऊन जेवले. सासूबाई कागदावर वाकून म्हणाल्या, मांजरांना एवढं पाणी कशाला, ती तर पाण्याला भितात. मी नवऱ्याकडे बघितलं. तो काचा पुसत होता.

आज सगळ्यात आनंदाची गोष्ट. माझ्या जुन्या खात्याच्या गोदामात माझा जुना पंप पडलेला होता, अख्ख्या वस्तीला पाणी चढवणारा. भंगारात काढणार होते. मागून आणला. फुकट. चालू केला आणि तोच आवाज, छातीत घुमणारा. डोळ्यांत पाणी आलं म्हणजे खरंच आलं.

३० ऑक्टोबर

नकाशावर कात्रींचे आक्षेप आले. मला वाटलंच होतं.

एक, काच फार उंच लावलीय. चार वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला खाली आणा. दुसरं, बसायला बाक नाहीत, वयस्क माणसांनी उभं का राहायचं? आणि तिसरं वाचून मी उडालेच. भंगारातला पंप वापरू नये, आवाज न करणारा नवा घ्यावा, तरतूद होऊ शकते.

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाला नवा नट दिला नाही, तो मला नवा पंप घ्या म्हणतो. डाव उघड आहे. मी नवा पंप घेणार, मग मार्चमध्ये हेच सभेत उभे राहून उधळपट्टी झाली म्हणणार. काच खाली आणली, बाक टाकले, ते ठीक. पंप तोच राहील असं कळवून टाकलं.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, चार वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांची उंची त्यांना बरी माहीत. मी म्हटलं, त्रास द्यायचा तर माणूस काय काय शोधून काढतो.

१७ नोव्हेंबर

आज रविवार. कात्री चक्क प्राणिसंग्रहालयात. अंगात स्वेटर, डोक्यावर टोपी, जणू ओळखू येणार नाहीत. तिकीट काढून आले, तिकीट खिडकी बरोबर चालते का हे बघायला असणार. बरोबर एक छोटी नात. आधी अस्वलापाशी बराच वेळ थांबले. मग हत्तीखान्यात, जिथे अजून सगळीकडे सिमेंटची पोती आहेत. तिथे नातीला काचेपाशी उभं करून तिच्या डोक्यावर हात ठेवून काचेची उंची बघितली.

मुलांनासुद्धा तपासणीला आणतात.

मी मामांना सांगून ठेवलं की ते दिसले की सगळं झाडून ठेवायचं. मामा म्हणाले, ते तर कितीतरी वर्षं येतात. मी म्हटलं बघा, किती वर्षं पाळत आहे.

९ डिसेंबर

हरणं गेली, पाणमांजरं आली. आणि त्यांना कुणी आणलं, तर ट्रकमालकांनी. काल त्यांचा फोन आला, गार हवेची गाडी रिकामी जातेय, तुमची ती मांजरं आणायची आहेत का म्हणून. स्वतः पुढे बसून गेले. येताना वाटेत दर थोड्या वेळाने गाडी थांबवून आत डोकावत होते, असं डॉक्टर सांगते. उतरले ते आवाज खाली आणून बोलत होते, कारण आत ती झोपली होती.

'शिट्टी मारतात हो,' ते मला म्हणाले. 'एकीनं मला बघून मारली.'

डॉक्टर म्हणाली, त्यातला एक नर आहे. मामा म्हणाले, दोन्ही माद्या, चेहऱ्यावरून कळतं. महिनाभर दोघांना इतरांपासून वेगळं ठेवायचंय, आजार बिजार नाही ना बघायला. माशांच्या वासाने माझ्या केसांपासून पर्सपर्यंत सगळं भरलंय. सासूबाईंनी माझी उशी बदलून बाल्कनीत टाकली.

१४ जानेवारी

आज सोडलं त्यांना नव्या जागेत. सगळे जमले होते. मी माझ्या हाताने पंप चालू केला. धबधबा असा कोसळला की मामांनी टाळ्या वाजवल्या.

पाणमांजरं पिंजऱ्यातून बाहेर आली, पाण्याच्या काठापर्यंत आली, मिशा पुढे केल्या आणि मागे फिरून पळाली. तडक हत्तिणीच्या जुन्या चाऱ्याच्या कट्ट्याखाली. संध्याकाळपर्यंत बाहेर नाहीत.

नवी जागा आहे, रुळतील.

२२ जानेवारी

रुळत नाहीत. मासे कट्ट्याखाली नेऊन द्यावे लागतात. पाण्यात एक पाय नाही. पाणमांजरं आणली आणि ती पाण्याला भितात. सासूबाईंना सांगायची हिंमत नाही.

येणारे लोक काचेसमोर उभे राहून नुसतं पाणी बघतात. एक गृहस्थ म्हणाले, मासे तरी सोडायचे होते.

मामा म्हणतात एकदम झकास. डॉक्टर काही म्हणत नाही, नुसती हाताची घडी घालून पाण्याकडे बघते. धबधबा मात्र सुरेख दिसतो.

२५ जानेवारी

वीज गेली होती दुपारी. पंप थांबला, धबधबा थांबला, हौद आरशासारखा झाला. मी चिडून वीज मंडळाला फोन लावत होते, तेवढ्यात डॉक्टरने माझं मनगट धरलं.

कट्ट्याखालून एक काळं नाक आलं. मग दुसरं. दोघं काठाशी आली, मिशा पाण्याला लावल्या, आणि आवाज न करता आत. बस. जशी तेलाची धार. खाली काचेपाशी ती अशी वळली, अशी उलटली, बुडबुड्यांची माळ सोडत एकमेकांच्या पाठीवरून गेली, की हातातला फोन मी विसरलेच. फोनवर पलीकडून हॅलो हॅलो चाललं होतं.

वीज आली. पंपाने घुमायला सुरुवात केली. दोघं पाण्याबाहेर, कट्ट्याखाली, संपलं.

डॉक्टर म्हणाली, पाण्यात ती मिशांनी ऐकतात. पंपाची थरथर भिंतीतून सगळ्या हौदात जाते. त्यांना ते आपल्याला कानाशी ढोल वाजवल्यासारखं असेल.

मी पंपाच्या खोलीत गेले. हात ठेवला त्याच्या अंगावर. नेहमीसारखा थरथरत होता, इमानदार. बटण बंद केलं. कुणी नव्हतं तिथे, म्हणून थोडं थांबले.

२७ जानेवारी

पाणी वाहतं नसेल तर आठवड्यात शेवाळ धरेल. नवा पंप हवाच, आवाज न करणारा. म्हणजे कात्रींच्या दारात जायचं.

गेले. वाटेत तीन वेळा वाक्य जुळवलं आणि तिथे गेल्यावर एकही आठवलं नाही. सरळ म्हटलं, साहेब, तुमचं बरोबर होतं, माझा पंप चालला नाही.

त्यांनी खण उघडला आणि फाइल काढली. नव्या पंपाचं सगळं तयार होतं, ऑक्टोबरपासून. फक्त माझी सही बाकी. म्हणजे मी तोंडावर पडणार हे त्यांनी आधीच धरलं होतं आणि वाट बघत बसले होते. मी मुकाट्याने सही केली.

निघताना ते म्हणाले, 'तुम्ही नेहमी कमी मागता, मॅडम. टाकीच्या वेळीही कमीच मागितलं होतं. तेवढ्यात टाकी उभी राहिली नसती, म्हणून परत पाठवत होतो.'

हे काय बोलणं झालं? टोमणाच असणार. घरी येऊन जसंच्या तसं नवऱ्याला सांगितलं. त्याने काचा पुसल्या आणि म्हणाला, उद्या दुकानात ये, तुझा नंबर तपासू एकदा.

माझे डोळे चांगले आहेत. हा नेहमी विषय बदलतो.

१६ फेब्रुवारी

नवा पंप लागला. चालू आहे की नाही हे बघायला हात लावावा लागतो. धबधबा आता बारीक, नळाच्या धारेएवढा, खडकावरून गुपचूप सरकणारा. माझ्या नकाशातला तो नव्हे. पण पाणमांजरं सकाळपासून त्याच्याखालीच डोकं धरून बसतात, आळीपाळीने, गोल खडे छातीवर फिरवत.

लोक यायला लागलेत. आज बाक भरले होते. ट्रकमालक दर दोन दिवसांनी येतात आणि शिट्टी मारून बघतात. अजून उत्तर मिळालेलं नाही. हिरमुसले की मामा त्यांना सांगतात, काल संध्याकाळी तुमची आठवण काढत होती.

११ मार्च

उद्या सभा. आज समिती पाहणीला आली होती. हा दिवस सविस्तर लिहिते, कारण बहुतेक हा शेवटचाच आहे.

समितीत नऊ जण, चकचकीत बूट, घड्याळं. पुढे कात्री. सगळ्यांना उशीर झालेला, त्यात एमू एका निळ्या कोटवाल्याच्या मागे लागला. हत्तीखान्यात आलो तर हौदात शुकशुकाट. एवढ्या बुटांच्या आवाजाने दोघं कट्ट्याखाली. मामांनी मासा दाखवला, काही नाही. एक जण म्हणाला, इथे गाड्या किती बसतील? दुसऱ्याने पावलांनी भिंत मोजायला घेतली.

मी म्हणणार होते की चला, चहा घेऊ, प्रसंग कसाबसा टळेल. तर कात्री पुढे झाले. 'बसा,' म्हणाले. 'सगळ्यांनी बाकांवर बसा. बोलू नका.'

कुणीतरी म्हटलं, अहो, वेळ नाही. तर हे म्हणतात, 'बघायचं असेल तर आधी वाट बघावी लागते. नळाची तोटी नाही ती.'

मला वाटलं, हा माणूस आमचा रिकामा हौद यांना निवांत बसवून दाखवतोय, म्हणजे कुणाच्याही मनात शंका राहायला नको. नऊ मोठी माणसं शाळेतल्यासारखी हात मांडीवर ठेवून बसली. हळूहळू ती घड्याळ बघायची थांबली. गाड्यावाल्याने बूट सैल केले. खडकावरून पाणी सरकत होतं तेवढाच आवाज, आणि लांबून अस्वल.

मग पाण्यात काहीतरी हललं. डाव्या टोकाच्यांना नाक आणि मिशा दिसल्या. उजव्या टोकाच्यांना शेपूट. मधल्यांनी मान वळवेपर्यंत संपलं होतं. पुन्हा वर आलीच नाहीत.

समिती निघून गेली. नऊ जणांत मिळून एक पाणमांजर पुरतं दिसलं नाही. संपलं सगळं.

१२ मार्च

मी सभेत मागे बसले होते. माझा विषय दुपारी निघाला.

गाड्यांच्या बाजूचे गृहस्थ उभे राहिले, आणि म्हणाले की तिथे काही दिसत नाही, आपण सगळे होतोच. डावीकडचे एक म्हणाले, दिसत नाही कसं, मला मिशा दिसल्या. गृहस्थ म्हणाले, मिशा नव्हत्या, गवत होतं. त्यावर एक बाई उठल्या, म्हणाल्या गवताला डोळे असतात का? मग शेपूटवाले तापले, कारण मिशावाले सगळं श्रेय घेत होते. ज्यांना काहीच दिसलं नव्हतं ते सगळ्यात चिडले होते. त्यांचं म्हणणं, आम्हाला चुकीच्या बाकावर बसवलं.

अध्यक्ष घंटी वाजवून थकले. शेवटी त्या निळ्या कोटवाल्यांनी सुचवलं की ज्यांना दिसलं नाही त्यांनी पुन्हा जाऊन बघावं, आणि पुन्हा जायचं तर ते उघडं असायला हवं. अध्यक्षांनी वित्त अधिकाऱ्यांचं मत विचारलं. मी डोळे मिटून घेतले.

कात्री म्हणाले की आकडे त्यांनी तपासलेत, गेल्या महिन्याभरात येणाऱ्यांची संख्या वाढलीय, आणि अनुदान एका वर्षाऐवजी तीन वर्षांचं द्यावं, कारण दर वर्षी तेच तेच कागद तपासायला त्यांच्या खात्याला वेळ नाही.

हात वर झाले. मिशावाले, शेपूटवाले, आणि काही न दिसलेले तर सगळेच्या सगळे. गाड्यावाल्या गृहस्थांनी शेवटी अर्धा हात वर केला, डोकं खाजवल्यासारखा.

तीन वर्षं. तेही कागद तपासायचा कंटाळा म्हणून. नशीब कुणाच्या आळसातून कसं उघडेल सांगता येत नाही. मी बाहेर येऊन मामांना फोन केला. ते म्हणाले, एकदम झकास. या वेळी डॉक्टरने मागून काही दुरुस्त केलं नाही. ती रडत होती म्हणे.

४ एप्रिल

पाणमांजरांना तीन पिल्लं. मामा म्हणतात मला आधीच माहीत होतं. दोन माद्यांना पिल्लं कशी झाली असं डॉक्टरने विचारलं तर म्हणाले, निसर्गाचं काय सांगावं.

पिल्लं अजून डोळे मिटूनच आहेत. ट्रकमालकांना कळवलं. त्यांच्या वडिलांचं नाव आता बाकांवर लावायचं ठरलंय. त्यांनी दोन बाक आणखी दिले, ट्रकमधूनच उतरवले. उतरवताना हमालांना दबक्या आवाजात ओरडत होते.

३० मे

कात्री मागच्या महिन्यात निवृत्त झाले, आणि आज त्यांचा अर्ज आला. मानद मार्गदर्शक म्हणून रविवारी येऊ का, लोकांना माहिती सांगायला. विनावेतन.

मी सावध झाले. बाहेरून बघून समाधान झालं नाही, आता आत शिरून चुका काढणार. पण नाही म्हणायला कारण सापडेना, आणि सासूबाईंनी परस्पर निकाल दिला. त्या परवा पहिल्यांदा पाणमांजरं बघून आल्यात आणि आता स्वतःला जाणकार समजतात. म्हणाल्या, येऊ दे त्याला, घरी बसून काय करेल बिचारा?

१ जून

कात्रींचा पहिला रविवार. मी मुद्दाम गेले, नजर ठेवायला.

सकाळपासून ते पाण्याच्या कडेला उभे. येणाऱ्या प्रत्येकाला बोटाने गप्प करत होते, बसवत होते, वाट बघा म्हणत होते. सुट्टीच्या शिबिराला आलेल्या मुलांची एक रांगच्या रांग त्यांनी अशी चिडीचूप केली की त्यांच्या बाई थक्क झाल्या. मी मनात म्हटलं, इथेही कात्री चालवतायत.

मग आई पिल्लांना घेऊन बाहेर आली. पहिल्यांदाच. एक पिल्लू मानेला धरून तिने पाण्यात ढकललं. ते बुडालं, वर आलं, शिंकलं.

'आलं बघा, ते बघा पोहलं!' कात्री ओरडले. एवढ्या मोठ्याने, की सगळं कुटुंब क्षणात कट्ट्याखाली.

सगळी मुलं वळून त्यांच्याकडे बघायला लागली. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं. त्यांनी मुकाट्याने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं आणि बाकावर बसले. हसत होते. त्यांच्या पुढच्या दातांत फट आहे. इतकी वर्षं एका पालिकेत काढली आणि मला माहीत नव्हतं.

मी त्यांना विचारणार होते, तुम्ही नक्की कशासाठी येता. त्यासाठीच शेजारी जाऊन बसले. पण बोलायला बंदी होती, म्हणून दोघं पाण्याकडे बघत बसलो. पिल्लू परत आलं तेव्हा त्यांनी कोपराने मला हळूच ढोसलं, आणि मीही त्यांना ढोसलं.

विचारायचं राहूनच गेलं.